दोषाचा हिशेब आणि ऑक्सिजनचा खर्च

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मोठे आहे, म्हणून इतर वाचकांसाठी त्यातला मुख्य भाग आधी सांगते. तुम्ही औसा तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका आहात. वडील एसटीत चालक होते आणि निवृत्त होऊन त्यांना काही वर्षे झाली. १९७५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते एका ट्रकवर क्लीनर म्हणून लागले, तेव्हा त्यांनी पहिली बिडी ओढली आणि पुढे नोकरीभर ती सुटली नाही. आता त्यांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद करणारा आजार. लातूरच्या डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचे मशीन लावायला सांगितले आहे. मशीनचे भाडे, श्वासातून औषध घ्यायचा पंप, गोळ्या आणि दर महिन्याची लातूरची फेरी हा खर्च त्यांच्या तुटपुंज्या पेन्शनमध्ये बसत नाही. धाकट्या भावाने निम्मा वाटा उचलायला नकार दिला आहे. 'त्यांना कोणी जबरदस्ती केली नव्हती, त्यांनी केलं, त्यांनी भोगावं,' असे तो म्हणतो. तुमच्या मते वडिलांचा यात काडीचाही दोष नाही आणि विडी-सिगारेटच्या कंपन्यांनीच त्यांना या अवस्थेला आणले आहे. दरम्यान वडील 'मी ओढली, मीच भोगीन' एवढेच बोलतात, मशीन लावायला टाळाटाळ करतात आणि अजूनही चोरून बिडी ओढतात. दोष नेमका कुणाचा आणि कंपनीवर दावा लावता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

दोषाकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आजच करायची आहे. वडिलांच्या उशीखाली विझवून ठेवलेले बिडीचे थोटूक आणि काडेपेटी सापडली आणि मशीन त्याच खाटेला लागून आहे, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. ऑक्सिजन स्वतः पेट घेत नसला, तरी त्याच्या सान्निध्यात साधी ठिणगीही भडकते. नाकाला लावलेली नळी, मिशा, पांघरूण, गादी यांपैकी काहीही क्षणात पेटू शकते आणि मशीन बंद केल्यानंतरही कपड्यांत आणि अंथरुणात काही वेळ ऑक्सिजन साचून राहतो. त्यामुळे त्या खोलीतून काडेपेटी, लायटर, उदबत्ती, समई हे सारे बाहेर गेले पाहिजे. वडिलांनी बिडी अजून सोडलेली नाही, हे डॉक्टरांपासून लपवू नका. ते रागावतील या भीतीने घरचे लोक गप्प बसतात आणि डॉक्टर अर्धवट माहितीवर सल्ला देत राहतात. बिडी चालू असताना घरी ऑक्सिजन ठेवायचा की नाही आणि ठेवायचा तर कसा, हा निर्णय त्यांनी सगळे ठाऊक असताना घेतला पाहिजे.

आता भावाच्या वाक्याकडे येते. 'कोणी जबरदस्ती केली नव्हती' असे म्हणताना त्याने दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. वडिलांना धोका ठाऊक होता ही पहिली, आणि ठाऊक असूनही त्यांनी आपखुशीने बिडी निवडली ही दुसरी. दोन्ही तपासून पाहिल्या पाहिजेत.

संसदेने सिगारेटविषयीचा कायदा केला तो १९७५ साली, आणि त्यानुसार पाकिटावर सिगारेट ओढणे आरोग्यास अपायकारक असल्याचा वैधानिक इशारा छापणे सक्तीचे झाले. तो कायदा फक्त सिगारेटपुरता होता. बिडी त्यातून वगळलेली होती. बिडीसह सगळे तंबाखूजन्य पदार्थ इशाऱ्याच्या कक्षेत आणले ते २००३ च्या कायद्याने, ज्याला कोटपा म्हणतात, आणि चित्ररूप इशारे लागू झाले ते ३१ मे २००९ पासून. म्हणजे तुमच्या वडिलांनी ज्या वर्षी पहिली बिडी पेटवली, त्याच वर्षी देशाने सिगारेट ओढणाऱ्याला सावध केले आणि बिडी ओढणाऱ्या क्लीनर पोराला तसेच सोडून दिले. पंधराव्या वर्षी ओढू लागलेला मुलगा चाळिशी ओलांडेपर्यंत त्याच्या हातातल्या बंडलावर इशारा छापण्याची कायद्याची सक्तीच नव्हती. खोकला येतो, छाती भरते, एवढे त्यांना दिसत असणारच. पण फुप्फुसांचे कायमचे नुकसान होते आहे हे त्यांना 'ठाऊक होते' असे आज आपण म्हणतो, तेव्हा आपण आपले आजचे ज्ञान त्यांच्या तेव्हाच्या डोक्यात घालत असतो.

बिडी हा काय प्रकार आहे, हेही भावाने जरा नीट पाहावे. टेंभुर्णीच्या वाळलेल्या पानाच्या गुंडाळीत चिमूटभर तंबाखू असतो आणि टोकाशी दोरा बांधलेला असतो. हे पान कागदासारखे सच्छिद्र नसते. त्यामुळे बिडी एकसारखी जळत नाही आणि लक्ष दिले नाही तर विझते. ती पेटती ठेवायची तर पुन्हा पुन्हा आणि खोल झुरके घ्यावे लागतात. म्हणून तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असूनही निकोटिन आणि डांबर शरीरात भरपूर जाते. झुरका घेतल्यानंतर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते आणि काही वेळाने त्याचा अंमल उतरला की मेंदू पुन्हा मागतो. मुक्कामी गाडी घेऊन खेड्यात गेलेला चालक रात्री गाडीतच आडवा होतो आणि पहाटे पहिल्या फेरीला उभा राहतो. तेव्हा झोप उडवायला बाबांना बिडीचाच आधार वाटायचा, असे तुम्ही लिहिले आहे. त्या आधाराचा बराचसा भाग म्हणजे रात्रभर न मिळालेल्या निकोटिनची तलफ भागणे असतो, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नसणार. आणि ज्याला निवड म्हणायचे ती पंधरा वर्षांच्या, घर सोडून ट्रकवर राहणाऱ्या मुलाने केली होती. कोटपाने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास बंदी घातली, ती या वयात अशी निवड करता येत नाही हे मान्य करूनच. पण ती बंदी आली तोपर्यंत तुमचे वडील त्रेचाळीस वर्षांचे झाले होते.

तुमचा कंपन्यांवरचा राग मला समजतो आणि त्याला पुरावाही भक्कम आहे. १९५० मध्ये इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतील मोठ्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात जमले आणि ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत त्यांची संयुक्त जाहिरात झळकली. आमची उत्पादने आरोग्याला घातक आहेत असे आम्हाला वाटत नाही आणि ग्राहकांच्या आरोग्याची जबाबदारी आम्ही सर्वांत वर मानतो, असा तिचा मथितार्थ होता. १९६३ मध्ये ब्राऊन अँड विल्यमसन या कंपनीच्या वरिष्ठ वकिलाने अंतर्गत टिपणात निकोटिन व्यसन लावते आणि आपला धंदा ते विकण्याचाच आहे, असे लिहून ठेवले. तरीही १९९४ मध्ये सात कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगितले की निकोटिन व्यसन लावते असे आम्हाला वाटत नाही. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या १९८१ च्या एका अंतर्गत अहवालात तर आजचा किशोरवयीन मुलगा हा उद्याचा नेहमीचा ग्राहक असू शकतो, असे लिहिलेले आहे. २००६ मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने या कंपन्यांनी अनेक दशके जनतेची फसवणूक केली, असा निकाल दिला.

याच कंपन्या न्यायालयात मात्र तुमच्या भावाचेच वाक्य बोलत होत्या. बाहेर लोकांना त्या सांगत होत्या की धोका सिद्ध झालेला नाही, आणि एखादा आजारी माणूस दावा घेऊन आला की त्यांचे वकील म्हणत होते की धोका सगळ्या जगाला ठाऊक होता, यांनी जाणूनबुजून ओढली. ही दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. भावाला वाटते तो घरातल्या शिस्तीची भाषा बोलतो आहे, पण ही भाषा गरीब माणसाच्या दारात पोहोचण्याआधी बड्या वकिलांच्या कचेऱ्यांत घासूनपुसून तयार झालेली आहे, हे त्याने जाणून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

तुम्हालाही इथे सावध करायचे आहे. वर सांगितलेली कागदपत्रे अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांची आहेत. ती जशीच्या तशी उचलून आपल्याकडच्या बिडी कारखानदारांना चिकटवणे न्यायाचे होणार नाही. बिडीच्या बाबतीतला दोष वेगळ्या जातीचा आहे आणि त्यात सरकार अधिक ठळकपणे दिसते. बिडी हा गोरगरिबांचा घरगुती उद्योग आहे, या नावाखाली तिला कायद्यात आणि करात कायम सवलत मिळत आली. सोलापूर, सिन्नर, निपाणीच्या बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात, तंबाखूची धूळ नाकातोंडात घेतात, हाती मजुरी तुटपुंजी पडते आणि कर वाढवायची वेळ आली की त्यांच्याच पोटाचे कारण पुढे केले जाते. २०१५ मध्ये पाकिटावरचे इशारे मोठे करण्याचा निर्णय लांबला, तेव्हा त्याची छाननी करणाऱ्या संसदीय समितीत एक सदस्य स्वतः बिडी उद्योजक होते. तंबाखूने कर्करोग होतो असे दाखवणारा भारतीय अभ्यास नाही, असे समितीचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या शेजारच्या नगरचे तत्कालीन खासदार, जाहीरपणे म्हणाले होते. भारतातील मृत्यूंचा देशव्यापी अभ्यास २००८ मध्येच प्रसिद्ध झालेला होता. त्यात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्यांचे दहा वर्षांनी कमी होते, असे आढळले होते. आयुर्विमा महामंडळ ही सरकारी संस्था देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीची मोठी भागधारक आहे, ही गोष्टही मला खटकते आणि खटकत राहील.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर देते. दोषाची टक्केवारी ठरवण्याचा प्रयत्न न्यायालयांनी खरोखरच केला आहे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या रोझ सिपोलोन या सोळाव्या वर्षापासून सिगारेट ओढत होत्या आणि १९८४ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने वारल्या. १९८८ मध्ये ज्युरीने त्यांच्या मृत्यूचा ८० टक्के दोष त्यांचाच आणि २० टक्के कंपनीचा ठरवला. त्यांच्या पतीला भरपाई मंजूर झाली, पण ती अपिलात टिकली नाही आणि अखेर कुटुंबाने दावा सोडून दिला. २०१५ मध्ये कॅनडातील क्वेबेकच्या न्यायालयाने हजारो आजारी लोकांच्या दाव्यात जवळजवळ उलटा निकाल दिला. धोका पुरेसा जगजाहीर झाल्यानंतर ज्यांनी सुरुवात केली आणि पुढेही ओढत राहिले, त्यांचा वाटा २० टक्के आणि कंपन्यांचा ८० टक्के. त्याआधी सुरुवात केलेल्यांच्या माथी दोष मारलाच नाही. पुढे अपिलातही तो निकाल मुख्यतः कायम राहिला. आजार तोच होता आणि कंपन्यांची वागणूकही तीच होती. सत्तावीस वर्षांत आकडा मात्र उलटा झाला, कारण मधल्या काळात कंपन्यांच्या कपाटातली कागदपत्रे बाहेर आली.

भरपाईची रक्कम ठरवायला न्यायालयाला टक्केवारी लागते. तुमच्या घराला ती लागत नाही. तुम्ही आणि भाऊ शंभर पैशांचा दोष वाटून घ्यायला बसल्यासारखे भांडता आहात. कंपनीच्या नावावर जेवढे जास्त, तेवढे वडिलांच्या नावावर कमी, असा हा हिशेब आहे. मला तो मुळातच चुकीचा वाटतो. वडिलांनाच विचारा. वर्कशॉपने ब्रेक खराब असल्याचे ठाऊक असून गाडी मार्गावर पाठवली आणि चालकाने ती घाटात भरधाव हाकली, तर चौकशीत दोघेही पूर्ण जबाबदार ठरतात. चालकाचा वेग सिद्ध झाला म्हणून वर्कशॉप निम्मे सुटत नाही आणि वर्कशॉपचे पाप उघड झाले म्हणून चालकाचा वेग माफ होत नाही. ज्यांनी माल विकला, ज्यांनी इशारा छापला नाही आणि ज्यांनी पोराच्या हाती बंडल दिले, त्यांनी आपापल्या कृत्याचे पुरते उत्तर दिले पाहिजे. वडिलांनीही त्यांच्या हातात जेवढे होते, त्याचे उत्तर दिले पाहिजे.

म्हणून तुमचे 'काडीचाही दोष नाही' हे म्हणणे मला पटत नाही. आजाराचे नाव कळल्यानंतर, डॉक्टरांनी समोर बसवून सांगितल्यानंतर, ओढलेली प्रत्येक बिडी वडिलांची आहे. व्यसनाने ती सोडणे फार अवघड केले आहे, पण अशक्य केलेले नाही. त्यांच्याच डेपोतल्या कितीतरी जणांनी उतारवयात बिडी सोडली असेल. वडिलांना तुम्ही निव्वळ बळी ठरवलेत, तर नकळत असे सांगाल की आता त्यांच्या हातात काही उरलेले नाही. त्यांनी ते ऐकले तर काडेपेटी आणखी सहज उचलली जाईल. 'मी ओढली, मीच भोगीन' या त्यांच्या बोलण्यात स्वाभिमान आहे आणि आपला भार लेकरांवर पडू नये ही माया आहे. त्याचा मान राखा. पण त्यांना हेही सांगा की ते एकटे भोगत नाहीत. रात्री त्यांना धाप लागते तेव्हा आई जागी असते. त्यांच्या खोलीतल्या धुरात घरातली लेकरे श्वास घेतात. त्यांना खरोखर स्वतःची जबाबदारी घ्यायची असेल, तर मशीन नाकारून ती घेता येत नाही. पुढची बिडी नाकारून घेता येते.

भावाविषयी मला अधिक काळजी वाटते. वडिलांनी चूक केली असे मानण्याचा त्याला हक्क आहे, पण त्या चुकीवरून उपचाराचा वाटा नाकारण्याचा हक्क त्याला मिळत नाही. मोटारसायकल वेगाने चालवून हाड मोडलेल्या मुलाला आपण दवाखान्याच्या दारात 'तू असा का चालवलास' असे विचारत थांबवत नाही. कायदाही तसे विचारत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यानुसार ज्या आईवडिलांचे स्वतःच्या उत्पन्नात भागत नाही, त्यांच्या निर्वाहाची जबाबदारी सज्ञान मुलामुलींवर आहे. निर्वाहात औषधोपचारही येतो आणि आजार कुणाच्या चुकीने झाला, अशी अट त्यात कुठेही नाही. उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात त्यासाठी अर्ज करता येतो. मात्र तिथपासून सुरुवात करू नका. बापाने लेकाविरुद्ध अर्ज केला की गावात दोघांचीही मान खाली जाते आणि पैसे मिळाले तरी घर तुटते. आधी दोघे बसून एका कागदावर महिन्याचा खर्च मांडा आणि तुमच्या दोघांच्या पगारांच्या प्रमाणात वाटणी करा. कदाचित त्याला निम्मा वाटा खरोखरच झेपत नसेल आणि ते कबूल करण्यापेक्षा वडिलांना दोष देणे सोपे जात असेल.

भाऊ जेवणानंतर तळहातावर तंबाखू-चुना मळतो, असेही तुम्ही लिहिले आहे. ही गोष्ट त्याच्या तोंडावर मारण्यासाठी वापरू नका. त्याला वाचवण्यासाठी वापरा. २०१६-१७ च्या देशव्यापी सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आणि २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू घेणारे आढळले. आपल्याकडचा मोठा प्रश्न हा चघळणाऱ्यांचा आहे आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून येतात. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, बरी न होणारी जखम किंवा तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काही असेल तर त्याने दंतवैद्याला लगेच दाखवावे. नसले तरी एकदा तपासून घ्यावे. बापाचा आजार पाहून तो घाबरलेला असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

दाव्याबद्दल थोडक्यात सांगते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष उत्पादनाच्या जबाबदारीची तरतूद आहे. पण जो धोका उघड किंवा सर्वांना ठाऊक आहे, त्याची सूचना दिली नाही म्हणून उत्पादक जबाबदार धरला जात नाही, असेही त्याच कायद्यात म्हटले आहे. तक्रारीला साधारणपणे दोन वर्षांची मुदत असते. वडिलांनी इतक्या वर्षांत कितीतरी छापांच्या बिड्या ओढल्या असतील आणि टपरीवर कोणी पावती देत नाही. एकाच कारखानदाराशी आजाराची गाठ घालून दाखवणे म्हणूनच फार कठीण जाईल. १९७५ ते २००३ या काळात बंडलावर इशाऱ्याची सक्तीच नव्हती, हा मुद्दा वजनदार आहे आणि एखाद्या अभ्यासू वकिलाने तो मांडावा असे मला वाटते. पण तुमची आजची पुंजी त्यात घालू नका. लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन मत घ्या, तिथे सल्ला मोफत मिळतो.

राग वाया घालवू नका असे म्हणते, ते तुम्ही शिक्षिका आहात म्हणून. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकणे कोटपाने गुन्हा ठरवले आहे आणि तसा फलक शाळेबाहेर लावण्याची जबाबदारी संस्थेवर आहे. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुट्या सिगारेट आणि बिड्यांच्या विक्रीवर बंदी घातली, कारण सुटी बिडी ही पोराच्या खिशाला परवडणारी पहिली बिडी असते आणि तिच्यावर इशाराही नसतो. बाल न्याय कायद्यानुसार मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तुमच्या शाळेच्या फाटकापासून टपरी किती पावलांवर आहे ते मोजा, मुख्याध्यापकांच्या सहीने ग्रामपंचायत आणि पोलिस ठाण्याला पत्र द्या आणि पोच घ्या. टपरीवाला गावातलाच, ओळखीचा असेल. त्याला आधी भेटून सांगा, बिस्किटे-वह्या विकायला हरकत नाही म्हणावे. १९७५ साली त्या क्लीनर पोरासाठी हे काम कोणीच केले नव्हते.

राहता राहिला वडिलांचा प्रश्न, आणि त्यात सर्वांत जास्त करण्यासारखे आहे. ब्रिटिश डॉक्टरांवर पन्नास वर्षे चाललेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनाही सरासरी तीन वर्षांचे आयुष्य अधिक मिळाल्याचे दिसले. तुमच्या वडिलांना आधीच सीओपीडी आहे, त्यामुळे तो आकडा त्यांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही. गेलेले फुप्फुस परत येत नाही, पण बिडी थांबली की उरलेले झिजण्याचा वेग कमी होतो. हे मात्र त्यांच्या आजारात पक्के दिसून आलेले आहे. पहिले काही दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड, झोप न लागणे, हात रिकामे वाटणे हे सगळे होईल आणि काही आठवड्यांत ओसरेल. त्या दिवसांत भावाने त्यांच्यासमोर खर्चाचा विषय काढू नये, एवढे त्याच्याकडून कबूल करून घ्या.

१८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे, तिथे समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवायला मदत करतात आणि नंतरही पाठपुरावा करतात. निकोटिनचे च्युइंग गम औषधाच्या दुकानात मिळते, पण किती आणि किती दिवस घ्यायचे ते छातीच्या डॉक्टरांनाच विचारा. ते पानासारखे सतत चघळायचे नसते. तोंडाला चरचर जाणवेपर्यंत सावकाश चावायचे, मग गालाच्या आत दाबून ठेवायचे आणि चरचर गेली की पुन्हा चावायचे. आधी पंधरा मिनिटे चहा घ्यायचा नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषले जात नाही. चालकाच्या पिंडाला चहाशिवाय पंधरा मिनिटे जड जातील, म्हणून वेळा आईला ठरवू द्या. गमने भागत नसेल तर डॉक्टरांकडे गोळ्यांचाही पर्याय असतो. एकदा सोडून पुन्हा ओढली तर त्यांना बोल लावू नका, पुन्हा तारीख ठरवा. बहुतेकांना एकाहून अधिक वेळा प्रयत्न करावा लागतो.

पुढच्या महिन्यात लातूरला जाल तेव्हा भावालाही सोबत न्या, गाडी त्यालाच चालवू द्या. वडील रोज किती बिड्या ओढतात, उठल्यावर पहिली किती वेळाने ओढतात, पंप कसा ओढतात आणि मशीन दिवसातून किती तास लावतात, हे कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. पंप घेण्याची पद्धत तिथेच त्यांना करून दाखवायला सांगा, कारण ती चुकत असेल तर औषध छातीत पोहोचतच नाही. मशीनच्या भाड्याऐवजी ते विकत घेणे स्वस्त पडेल का, हे डॉक्टरांना भावालाच विचारू द्या.